शिखर क्रमांक पंधरा : नावाचे कागद, माथ्याचा दगड

एव्हरेस्टची पहिली गोष्ट आपल्यातल्या बहुतेकांनी शाळेतच ऐकलेली असते. साल १८५२. सर्वेक्षण खात्याचे बंगाली गणिती राधानाथ सिकदार आकडेमोडीचे कागद हातात धरून लगबगीने वरिष्ठांच्या, म्हणजे सर्व्हेअर जनरल अँड्र्यू वॉ यांच्या खोलीत शिरतात आणि जगातले सर्वांत उंच शिखर सापडल्याची वर्दी देतात. प्रसंग नाट्यमय आहे, आपल्या अभिमानाला सुखावणारा आहे आणि आजही भाषणांतून, लेखांतून तो बिनदिक्कत सांगितला जातो.

मराठी वाचकाला अशा प्रसंगांची सवय आहे. आपल्या बखरी त्यांनी भरलेल्या आहेत. बखर वाचावी, तिची गोडीही घ्यावी. पण तारीख, स्थळ आणि माणूस यांची खातरजमा करायची झाली की अस्सल कागदाकडे वळावे, हा धडा राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली तेव्हापासून आपल्याकडे गिरवला जातो. एव्हरेस्टच्या बाबतीतही अस्सल कागद भरपूर उरले आहेत. खात्याची पत्रे, विद्वत्सभांची इतिवृत्ते, नकाशे, एक तिबेटी परवाना, एक तिबेटी तक्रार आणि शिखराच्या अंगाखांद्यावरून खाली आणलेले दगड. दगडांनाही मी कागदांतच धरतो. कोणी, कुठून, किती उंचीवरून उचलला याची नोंद असेल तर दगडाइतका निःपक्षपाती साक्षीदार मिळणे कठीण.

या सगळ्या साधनांना एकच प्रश्न विचारायचा आहे : साक्ष देणारा नेमका कुठे उभा होता?

आधी गणित. १८४९ च्या अखेरीस आणि १८५० च्या आरंभी जेम्स निकल्सन हे सर्वेक्षक तिरहुतच्या मैदानात, म्हणजे आजच्या उत्तर बिहारात, मोठा थिओडोलाइट घेऊन फिरत होते. नेपाळचे दार इंग्रजांना बंद होते, त्यामुळे हिमालयाची शिखरे मैदानातूनच मोजावी लागत. जिरोल, मिर्झापूर (हे गंगेकाठचे नव्हे), जनजीपती, लदनिया, हरपूर आणि मिनाई या सहा ठाण्यांवरून त्यांनी एका दूरच्या टोकाचे कोन टिपले. सर्वांत जवळचे ठाणेही त्या टोकापासून १०८ मैलांवर होते आणि सर्वांत लांबचे ११८ मैलांहून जास्त. ते टोक त्यांना खास वाटले नाही, वाटण्याचे कारणही नव्हते. जवळची शिखरे मोठी दिसतात. हे मागे दडलेले होते. पुढे खात्याने शिखरांना रोमन आकड्यांत क्रमांक दिले, तेव्हा याच्या वाट्याला पंधरा आला.

सहा ठाण्यांवरून निघालेल्या उंच्या फुटांत अशा : २८,९९१.६, २९,००५.३, २९,००१.८, २८,९९८.६, २९,०२६.१ आणि २८,९९०.४. वाचकाने कागद-पेन्सिल घेऊन सरासरी काढावी. ती २९,००२.३ येते. हे मुद्दाम सांगतो, कारण आणखी एक लोकप्रिय वदंता अशी की उंची बरोबर २९,००० फूट भरली होती. पण एवढा गोळाबेरीज आकडा लोकांना अंदाजपंचे वाटेल म्हणून वॉ यांनी पदरचे दोन फूट घातले. वदंता चटकदार आहे, पण वरच्या बेरजेपुढे ती टिकत नाही.

आता सिकदार. १८१३ साली जन्मलेले हे गृहस्थ १८३१ मध्ये, अठराव्या वर्षी, जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या हाताखाली खात्यात रुजू झाले. १८४९ मध्ये ते मुख्य संगणक म्हणून कलकत्त्याच्या कचेरीत गेले. त्या काळी संगणक म्हणजे यंत्र नव्हे, आकडेमोड करणारा माणूस. १८५२ च्या प्रसंगाचा सर्वांत जबाबदार छापील उल्लेख खात्याचेच अधिकारी सिडनी बरार्ड यांच्या १९०४ च्या लेखात सापडतो. ते एवढेच सांगतात की १८५२ च्या सुमारास कलकत्ता कचेरीच्या मुख्य संगणकाने वॉ यांना कळवले की क्रमांक पंधराचे शिखर आजवर मोजलेल्या सर्वांहून उंच भरते. यात खोलीत शिरणे नाही, उद्गार नाही, सिकदारांचे नावही नाही. हे सगळे पुढच्या लेखकांनी भरले. उलट, सर्वेक्षण खात्याच्या इतिहासाचे खंड लिहिणाऱ्या फिलिमोर यांनी दप्तर तपासून असे दाखवले की निकल्सन यांची निरीक्षणे झाली तेव्हा सिकदार कलकत्त्याला होते आणि या शिखरांच्या आकडेमोडीचा मोठा भाग डेहराडूनच्या कचेरीत, हेनेसी या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली चालला होता.

यावरून सिकदारांना लहान करण्याचे कारण नाही. त्यांचे श्रेय एका उद्गारात बसणारे नव्हतेच. १८५१ साली निघालेल्या सर्वेक्षणाच्या अधिकृत हस्तपुस्तकातला गणिती भाग बव्हंशी त्यांच्या कामावर उभा होता आणि पहिल्या दोन आवृत्त्यांच्या प्रस्तावनेत तसा ऋणनिर्देशही होता. ते १८७० मध्ये वारले आणि १८७५ च्या तिसऱ्या आवृत्तीतून तो निर्देश गुपचूप गळला. यावर १८७६ मध्ये ‘फ्रेंड ऑफ इंडिया’ या पत्रात एका गोऱ्या अधिकाऱ्यानेच जाहीर निषेध केला. सिकदारांवरच्या अन्यायाचा हा पक्का, छापील पुरावा. तो हाताशी असताना आपण काल्पनिक उद्गाराला का चिकटून बसतो, हे मला कोडेच आहे.

यानंतर नावाचा कागद. १ मार्च १८५६ रोजी वॉ यांनी कलकत्त्यातले आपले दुय्यम अधिकारी थुइलिअर यांना पत्र लिहिले. ६ ऑगस्टला ते बंगालच्या एशियाटिक सोसायटीपुढे आले आणि पुढल्या वर्षी, ११ मे १८५७ रोजी, लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीपुढे. त्याचा आशय असा : क्रमांक पंधराची अंतिम उंची आता हाती आली आहे, हिंदुस्थानात मोजलेल्या सर्व शिखरांहून ते उंच आहे आणि बहुधा जगातही सर्वोच्च असावे. माझे आदरणीय पूर्वाधिकारी एव्हरेस्ट यांनी मला असे शिकवले की प्रत्येक स्थळाला तिथले खरे स्थानिक नाव द्यावे. परंतु या पर्वताला स्थानिक नाव असल्याचे मला आढळत नाही; असलेच तर नेपाळात शिरण्याची परवानगी मिळेपर्यंत ते कळण्याचा संभव नाही. तोवर नाव ठेवण्याचा अधिकार आणि कर्तव्य माझ्याकडे येते, म्हणून मी एव्हरेस्टांचेच नाव देतो.

या पत्राला लोक सहसा साम्राज्याचा उद्दामपणा म्हणून मोडीत काढतात. मला ते त्याहून गुंतागुंतीचे वाटते. धवलगिरी आणि कांचनगंगा या, त्याआधी सर्वोच्च मानल्या गेलेल्या, दोन्ही शिखरांची नावे खात्याने जशीच्या तशी ठेवली होती. तेव्हा नियम नुसता शोभेचा नव्हता. दुसरे म्हणजे वॉ यांनी स्वतःच कबूल केले आहे की त्यांना नाव सापडले नाही याचे कारण ते विचारू शकत नव्हते. ‘मला आढळत नाही’ हे विधान खरे आहे. ‘नाव नाही’ असे त्याचे भाषांतर पुढच्या लोकांनी केले. पण मग जे कळण्याचा संभव नाही त्याची जागा रिकामी ठेवता आली असती. क्रमांक पंधरा हा काही वाईट क्रमांक नव्हता. काराकोरममधले के-टू आजही सर्वेक्षकाच्या खुणेवरच नांदते आहे.

गंमत अशी की खुद्द जॉर्ज एव्हरेस्ट यांना हे रुचले नाही. ११ मेच्या सभेला ते हजर होते. आपल्या नावाचा उच्चार हिंदुस्थानातल्या लोकांना करता येणार नाही, ते फारसीत किंवा हिंदीत लिहिता येणार नाही, अशी हरकत त्यांनी घेतली. त्यांचा या शिखराशी तसा संबंधही नव्हता. १८४३ मध्येच ते निवृत्त होऊन मायदेशी गेले होते. त्यांचा खरा संबंध आपल्या बाजूच्या मुलखाशी जास्त. महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे जनक विल्यम लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारले, तिथेच त्यांची कबर आहे. त्यांच्यामागे काम हाती घेऊन एव्हरेस्ट यांनी वऱ्हाडातून, एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या बाजूने, मध्यरेषेची साखळी उत्तरेकडे नेली. ज्या माणसाच्या नावाने जगातले सर्वोच्च शिखर ओळखले जाते, त्याच्या उमेदीचा काही काळ वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत, तापाने फणफणत गेला. त्यांच्या हरकतीचा उपयोग झाला नाही. १८६५ मध्ये लंडनच्या सोसायटीने नावावर शिक्कामोर्तब केले.

तोवर विरोधी पक्षाचे कागदही जमले होते. ब्रायन हॉजसन हे काठमांडूचे माजी रेसिडेंट, नेपाळी भाषा आणि बौद्ध ग्रंथांचे गाढे अभ्यासक. त्यांनी १८५६ च्या ऑक्टोबरातच लिहून कळवले की या पर्वताला ‘देवढुंगा’ हे नाव आहे. अधिकार मोठा, माणूस सज्जन. वॉ यांना दखल घ्यावीच लागली. त्यांनी आपल्या अधिकाऱ्यांची लेखी मते मागवली, ती १८५८ च्या आगेमागे लंडनला छापूनही निघाली. निष्कर्ष असा की हॉजसन सांगतात ते देवढुंगा आणि आपले क्रमांक पंधरा एकच, हे सिद्ध होत नाही. इथे आपला प्रश्न विचारून पाहा. हॉजसन कुठे उभे होते? ते नाव त्यांना लोकांच्या तोंडून कळले होते. नाव सांगणाऱ्याने बोट नेमके कुठल्या टोकाकडे दाखवले, हे त्यांच्या पत्रातून ठरवता येत नाही. अधिकाऱ्यांचा निकाल सोयीचा होता, तरी चूक नव्हता.

जर्मन हेरमान श्लागिंटवाइट यांनी मात्र मोठाच गोंधळ घातला, आणि तो अर्धशतक पुरला. १८५५ मध्ये त्यांनी सिंगालिला रांगेतल्या फालुटवरून एक प्रचंड शिखर पाहिले. नंतर काठमांडूजवळच्या कौलियावरूनही एक पाहिले आणि लोकांना नाव विचारले. उत्तर आले, गौरीशंकर. त्यांनी दोन्ही दर्शने एकाच पर्वताची धरली आणि तो पर्वत म्हणजे क्रमांक पंधरा, असे जाहीर केले. युरोपातल्या, विशेषतः जर्मन नकाशांत ‘गौरीशंकर’ सर्वोच्च शिखर म्हणून विसावे शतक उजाडेपर्यंत छापले जात होते. अखेर व्हाइसरॉय कर्झन यांच्या काळात, १९०३ मध्ये, कॅप्टन हेन्री वुड यांना कौलियावर पाठवण्यात आले. त्यांनी थिओडोलाइट लावून पाहिले तेव्हा गौरीशंकर हे क्रमांक वीसचे शिखर निघाले. उंची २३,४४० फूट, एव्हरेस्टपासून जवळजवळ ३६ मैल दूर. फालुटवरून श्लागिंटवाइट यांना दिसले होते ते तर मकालू. अर्ध्या शतकाचा वाद एका यंत्राने आणि एका स्वच्छ सकाळीने मिटवला. स्थानिक माणसाने नाव अगदी बरोबर सांगितले होते. ऐकणाऱ्याने ते चुकीच्या डोंगराला चिकटवले.

या सगळ्या धामधुमीत ज्या कागदाकडे कोणाचे लक्ष नव्हते तो पॅरिसमध्ये छापलेला होता. चीनचा सम्राट कांग्शी याने जेझुइट पाद्र्यांकडून साम्राज्याचा नकाशा करवून घेतला. तिबेटात पाद्र्यांना स्वतः जाता येईना, म्हणून मोजणी शिकवलेले लामा पाठवले गेले. ही १७१७ च्या आगेमागेची गोष्ट. त्यांच्या नोंदी पेकिंगच्या नकाशात आल्या, तिथून फ्रेंच नकाशाकार दांव्हिल यांच्या हाती पडल्या. त्यांनी १७३३ मध्ये काढलेल्या तिबेटच्या नकाशात नेपाळच्या सरहद्दीवर, साधारण योग्य जागी, ‘त्शूमूर लांक्मा’ अशी अक्षरे आहेत. या पर्वताचे तिबेटी नाव चोमोलुंग्मा; तेच हे, फ्रेंच कानांनी ऐकलेले. वॉ यांच्या पत्राच्या १२३ वर्षे आधी.

स्वीडिश संशोधक-प्रवासी स्वेन हेडिन यांनी १९२० च्या दशकात हा नकाशा पुढे आणला आणि एव्हरेस्ट इंग्रजांनी शोधले हा दावा खोडून काढला, असे मानले. बरार्ड तेव्हा निवृत्त, वयोवृद्ध. तरी त्यांनी १९३१ मध्ये सर्वेक्षण खात्यातर्फे एक पूर्ण पुस्तिका लिहून हेडिन यांना उत्तर दिले. मला दोघांचेही थोडे थोडे पटते. लामांना हे शिखर जगात सर्वोच्च आहे हे माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. उंची त्यांनी मोजली नव्हती आणि नकाशातले नाव एका टोकाचे की भोवतालच्या डोंगराचे, हे अक्षरांवरून ठरत नाही. म्हणजे ‘शोध’ हा हेडिन यांचा शब्द जड होतो. पण नाव होते, ते त्याच जागचे होते आणि ते युरोपात छापलेले होते, इतके निर्विवाद आहे. लामा उत्तरेला उभे होते, जिथून तो डोंगर उघडा दिसतो आणि जिथे त्याला नाव देण्याची गरज असलेली माणसे राहतात. तिरहुतच्या शेतकऱ्याने क्षितिजावरच्या दातेरी रेषेतल्या एका दाताला नाव कशाला द्यावे?

बरार्ड यांची बाजू सर्वांत जास्त अडचणीत आणणारा कागद त्यांच्याच सरकारच्या दप्तरात होता. १९२० मध्ये चार्ल्स बेल ल्हासाला गेले आणि तेराव्या दलाई लामांकडून पहिल्या एव्हरेस्ट मोहिमेची परवानगी मिळवून आले. त्यानंतर तिबेटी प्रधानाने वाटेतल्या जोंगपेनांना, म्हणजे आपल्याकडच्या किल्लेदार-मामलेदारांसारख्या अधिकाऱ्यांना, जो परवाना दिला त्यात काही साहेब ‘छा-मो-लुंग-मा’ पर्वत पाहायला येत आहेत, त्यांना घोडी, जनावरे, मुक्कामाची सोय द्यावी, दर ठरवून घ्यावेत, असा मजकूर आहे. हा काव्यात्म उल्लेख नव्हे. घोड्यांची सोय लावणारा सरकारी हुकूम आहे, आणि हुकमात पर्वताचे नाव लिहिणाऱ्या कारकुनाला ते वाचणाऱ्या अधिकाऱ्याला समजेल याची खात्री असते. ज्या मोहिमेने ‘एव्हरेस्ट’ हे नाव जगभर घरोघरी पोचवले, ती मोहीम चोमोलुंग्माच्या परवान्यावर तिबेटात शिरली होती.

दक्षिणेकडून अशी साक्ष उशिरा आली. १९०७ मध्ये खात्याचे सर्वेक्षक नथासिंग यांना नेपाळने दूधकोसीच्या खोऱ्यातून खुंबूपर्यंत जाऊ दिले, पण ते अपवादच. ‘सगरमाथा’ हे नाव इतिहासकार बाबुराम आचार्य यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस ‘शारदा’ या नेपाळी मासिकात मांडले. १९६० च्या सुमारास चीनशी सीमेची बोलणी सुरू झाल्यावर नेपाळ सरकारने ते उचलून धरले. म्हणजे आज अतिप्राचीन वाटणारे हे नाव कागदावर ‘एव्हरेस्ट’हून बरेच तरुण आहे. तरुण नाव खोटे असते असे नाही. पण त्याला वेदकाळात नेऊन ठेवण्याचीही गरज नाही.

आता दगड. १९२१ च्या त्याच मोहिमेत भारतीय भूविज्ञान सर्वेक्षणाचे अ‍ॅलेक्झांडर हेरॉन होते. एका उन्हाळ्यात त्यांनी तिबेटच्या आठ हजारांहून जास्त चौरस मैलांचा भूस्तरीय नकाशा केला. एव्हरेस्टवर ते चढले नाहीत, पण खालच्या खोऱ्यांतून आणि दुर्बिणीतून त्यांनी एवढे ओळखले की माथ्याचा भाग ग्रॅनाइटचा नसून थरांनी बनलेल्या, मुळात गाळाच्या खडकाचा आहे. मोहीम परतल्यावर ल्हासाहून तक्रार आली : साहेबांनी डोंगर खणले, रत्ने काढून नेली, भूमीखालच्या दैत्यांची झोपमोड केली, आता रोगराई पसरेल. हेरॉन यांनी खुलासा दिला तो सरकारी पत्रव्यवहारातला एक नमुनेदार विनोद आहे. आपण खाणकाम केलेले नाही आणि हातोडीची हलकी टकटक सर्वांत भित्र्या दैत्यालाही घाबरवण्याजोगी नव्हती, असे त्यांनी लिहिले. ल्हासाला विनोद आवडला नसावा. १९२२ च्या मोहिमेत हेरॉन यांना घेता आले नाही. त्यांची पुढची कीर्ती राजस्थानात, अरवलीच्या खडकांवर झाली.

ही तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही. परवाना देणारे आणि हातोडी थांबवणारे सरकार एकच. त्याच्या लेखी ती भूमी नाव असलेली, मालक असलेली, देवदैत्यांची वस्ती असलेली होती. ‘नाव आढळत नाही’ या वाक्याला याहून नेमके उत्तर मला दिसत नाही.

तरी दगड येतच राहिले. १९२४ मध्ये नोएल ओडेल हे भूवैज्ञानिक मोहिमेत गिर्यारोहक म्हणून होते. ८ जूनच्या दुपारी ते एकटेच पाचव्या छावणीवरून सहाव्या छावणीकडे, खडक न्याहाळत चढत होते. एव्हरेस्टवरचे पहिले जीवाश्म आपल्याला सापडले अशी त्यांची त्या दिवसाची नोंद आहे. त्याच चढणीत १२ वाजून ५० मिनिटांनी धुके फाटले आणि कड्याच्या कडेवर शिखराकडे निघालेले सहकारी मॅलरी आणि अर्विन त्यांना शेवटचे दिसले. त्या दोन ठिपक्यांवर पुस्तकांची कपाटे भरली आहेत. ओडेल त्या जागी होतेच मुळी दगड पाहायला, हे कोणी सांगत नाही. चारच दिवस आधी त्याच मोहिमेतले नॉर्टन २८,१२६ फुटांवरून परतले होते. तिथला खडक त्यांना उतरत्या छपरावरच्या कौलांसारखा, बाहेरच्या बाजूला कललेला आढळला. पाय टेकवायला जागा नाही आणि हाताला धरायला कंगोरा नाही. ही कलंडलेली कौले म्हणजे उत्तरेकडे झुकलेले थर. गिर्यारोहकाची तक्रार आणि भूवैज्ञानिकाचे निरीक्षण इथे एकच आहे.

लॉरेन्स वेजर यांनी १९३३ मध्ये त्याहून चांगली साक्ष आणली. ३० मे रोजी ते विन-हॅरिस यांच्यासोबत सुमारे २८,१०० फुटांपर्यंत गेले, तेही प्राणवायूच्या नळकांड्यांशिवाय, आणि उतरताना नमुने घेतले. उत्तर सिक्कीममधल्या लाची भागातल्या जीवाश्मांशी थरांची सांगड घालून त्यांनी १९३९ मध्ये माथ्याचा चुनखडक कार्बनी-पर्मियन काळाचा, म्हणजे ढोबळ मानाने तीस कोटी वर्षांपूर्वीचा ठरवला. अनुमान सचोटीचे होते, पण साक्षीदार पुन्हा दूरचा. लाची ते एव्हरेस्ट हे अंतर त्यांनी तर्काने ओलांडले होते.

१९५३ मध्ये हिलरी यांनी उतरताना शिखराखालच्या शेवटच्या उघड्या खडकातून काही तुकडे उचलले. १९५६ च्या स्विस मोहिमेने माथ्याच्या लगतचे नमुने आणले. त्यांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली गेले आणि ऑगुस्टो गान्सर यांनी १९६४ च्या हिमालयाच्या भूविज्ञानावरील ग्रंथात त्यात क्रिनॉइड या समुद्री प्राण्याचे अवशेष असल्याचे नोंदवले. १९६० आणि ७० च्या दशकांतल्या चिनी पथकांनी उत्तर बाजूचे थर जागेवर जाऊन पाहिले आणि वय ऑर्डोव्हिशियन काळापर्यंत मागे नेले. हारुताका साकाई आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये माथ्याच्या खडकात त्रिखंडी, क्रिनॉइड आणि ऑस्ट्रॅकॉड यांचे तुकडे दाखवले. वय साधारण ४५ कोटी वर्षांच्या घरात. आपल्या सह्याद्रीचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांचा. म्हणजे एव्हरेस्टचा माथा त्याच्या जवळजवळ सातपट जुना. लाव्ह्यात जीवाश्म मिळत नाहीत, त्यामुळे सह्याद्रीत वाढलेल्या प्रस्तरारोहकाच्या डोळ्यांना ही ओळख नवी असते.

आजचे चित्र असे. साधारण ७,००० मीटरपर्यंतचा पाया कडक, भाजून निघालेल्या शिस्ट आणि नाइसचा, आणि त्यात घुसलेल्या फिक्या ग्रॅनाइटच्या पट्ट्यांचा. त्यावर ८,६०० मीटरपर्यंत नॉर्थ कोल स्तर. या स्तराच्या वरच्या भागात, उत्तर बाजूला ८,२०० पासून, प्रसिद्ध पिवळा पट्टा : संगमरवर झालेला चुनखडक. दक्षिणेच्या वाटेवर हाच पट्टा ल्होत्सेच्या भिंतीवर, सुमारे ७,६०० मीटरला, आडवा येतो आणि बर्फाला सरावलेल्या बुटांचे लोखंडी काटे त्यावर खरखर घासतात. महाराष्ट्रातून १९९८ मध्ये सुरेंद्र चव्हाण शिखरावर पोचले, २०१२ मध्ये पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ची मोठी तुकडी पोचली, चढणाऱ्या प्रत्येकाला हा पट्टा कुठे ना कुठे ओलांडावा लागतो. त्यावर अगदी वेगळ्या घराण्याचा, फारसा न भाजलेला राखाडी चुनखडक, तोच माथा. मधल्या सांध्याला भूवैज्ञानिक चोमोलुंग्मा विलगता म्हणतात. तिथून वरचा खडक खालच्यावरून उत्तरेकडे घसरला आहे. माथ्याच्या सुमारे ७० मीटर खाली, ‘तिसऱ्या पायरी’च्या पायथ्याशी, पांढुरका दिसणारा ६० मीटर जाडीचा थर आहे; तो उथळ, कोमट समुद्रातल्या सूक्ष्मजीवांनी रचलेला. थंडीत बोटे गमावून लोक ज्या जागी पोचतात ती कधी काळी भरती-ओहोटीची दलदल होती.

दगडाच्या शास्त्राने नावाचा प्रश्न मात्र आपल्या परीने सोडवून टाकला आहे. माथ्याच्या चुनखडकाला आज जगभरच्या शोधनिबंधांत चोमोलुंग्मा स्तर म्हणतात. वेजर यांनी वापरलेले ‘माउंट एव्हरेस्ट चुनखडक’ हे नाव मागे पडले. तसेच उंचीचेही. ८ डिसेंबर २०२० रोजी नेपाळ आणि चीन यांनी ८,८४८.८६ मीटर ही नवी उंची एकत्र जाहीर केली, तेव्हा दोन्ही राष्ट्रांच्या संदेशांत सगरमाथा आणि चोमोलुंग्मा ही नावे होती.

म्हणून हिशेब असा लागतो. वॉ यांचे पत्र प्रामाणिक होते, पण त्यावर उभारलेला निर्णय घाईचा होता. हॉजसन आणि श्लागिंटवाइट यांची भूमिका योग्य होती, पुरावा कच्चा होता. पुरावा ज्यांच्याकडे होता ते लामा आणि ल्हासाचे कारकून, त्यांना कोणी साक्षीला बोलावले नाही. सिकदारांचे मोठेपण हस्तपुस्तकाच्या पहिल्या दोन प्रस्तावनांत आहे; त्यासाठी १८५२ च्या नाटकाची गरज नाही.

आपल्याकडचे हजारो लोक आज डोंगरात जातात, हिमालयात आणि सह्याद्रीतही. खंडाळ्याजवळच्या नागफणीला ड्यूक्स नोज आणि जीवधनच्या वानरलिंगीला खडा पारशी म्हणणारे आपणच आहोत. डोंगरात जाणाऱ्या सगळ्यांना एक विनंती आहे. दगड उचलू नका, तो काळ गेला. पण शेर्पा, ठाकर, महादेव कोळी, कोणीही एखाद्या टोकाचे नाव सांगितले तर ते सांगणाऱ्याच्या उच्चारात लिहून घ्या. सोबत तारीख लिहा, तुम्ही दोघे कुठे उभे होता ते लिहा आणि त्याने बोट कुठे दाखवले त्याचा फोटो घ्या.